अकरा वळवलेल्या रेघा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय अण्णासाहेब देवस्थळी, पुण्याहून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, खगोलशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका डॉ. चंद्रप्रभाताई गवाणकर, व्यासपीठावरील इतर मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या आजच्या उत्सवमूर्ती कुमुदिनीताई हर्डीकर, आणि नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद अशा चारी दिशांनी दोन-दोन मेट्रो बदलून इथवर पोहोचलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझं नाव उल्हास टिपणीस. पुढच्या रांगांना ते सांगायची गरज नाही, पण मागे काही नवी तरुण मंडळी दिसताहेत. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून पाच वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि मंडळाच्या आकाशनिरीक्षण गटात बावीस वर्षं आहे. मला दहा मिनिटं दिलेली आहेत. ज्यांनी मला मंत्रालयात बैठक घेताना पाहिलंय, त्यांनी चहा सांगून ठेवावा. आणि हा जो आवाज येतोय, तो आपल्या सभागृहाखालच्या दुकानात कोणीतरी गाडीसाठी हॉर्न पसंत करतंय त्याचा आहे. करोल बागेत सभागृह घेतलं की हे चालायचंच. त्यांची पसंती होईपर्यंत मी जरा मोठ्याने बोलतो.

आपल्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत सहाव्या क्रमांकावर ‘नोंदवह्यांचे हस्तांतरण’ असं छापलंय. कुमुदिनीताईंनी सव्वीस वर्षं लिहिलेल्या उल्कांच्या वह्या तिथे टेबलावर ठेवलेल्या आहेत. त्या त्यांनी आज माझ्या हाती द्यायच्या आणि पुढच्या नोंदी मी ठेवायच्या, असं कार्यकारिणीनं महिन्यापूर्वी एकमतानं ठरवलं. त्या बैठकीला मी हजर होतो आणि गप्प बसलो होतो. आज सहाव्या क्रमांकाच्या आधी मला बोलू द्या अशी विनंती मी केली, कारण आपल्याला एक गोष्ट सांगायची आहे. ती ऐकल्यावर वह्या माझ्या हाती द्यायच्या का, याचा आपण पुन्हा विचार करावा.

काळजी करू नका. निरोपाच्या कार्यक्रमात गोड बोलायचं असतं हे मला कळतं, आणि तेही बोलणार आहे. शिवाय जे सांगणार आहे त्याला उत्सवमूर्तींची परवानगी आहे. परवानगी म्हणजे जवळजवळ आदेशच आहे.

कुमुदिनीताई केंद्र सरकारच्या नोकरीत साधी लिपिक म्हणून लागल्या आणि अनुभाग अधिकारी होऊन गेल्या महिन्यात निवृत्त झाल्या. सरोजिनी नगरचं त्यांचं तिसऱ्या मजल्यावरचं क्वार्टर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. आता ते रिकामं करून त्या मिरजेला बहिणीकडे राहायला जाताहेत. चाळीस वर्षं दिल्लीत काढून ज्यांच्या मराठीत ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ यापलीकडे दिल्ली शिरली नाही अशा त्या एकट्याच असाव्यात. आमच्या घरी पहा, माझी नात मला ‘आजोबा, चलो ना, उशीर होतोय’ म्हणते आणि मी निमूट चालू लागतो.

उल्कावर्षाव म्हणजे काय, हे चंद्रप्रभाताईंसमोर मी सांगणं म्हणजे सुताराला रंधा धरायला शिकवणं आहे. पण गोष्ट कळायला थोडं सांगावंच लागेल, तेव्हा ताई, क्षमा असावी. धूमकेतू किंवा एखादा लघुग्रह आपल्या वाटेवर बारीक खडी सांडत जातो. पृथ्वी दरवर्षी त्याच तारखांना त्या सांडलेल्या खडीतून जाते, ते कण हवेत शिरतात आणि जळतात. येतात ते सगळे एकमेकांना समांतर. पण खालून बघणाऱ्याला वाटतं की आकाशातल्या एका ठिकाणाहून ते चहूकडे फेकले जाताहेत. मेट्रोच्या उंचावरच्या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की दोन्ही रूळ लांबवर एकत्र आलेले दिसतात, तसलाच हा प्रकार. त्या ठिकाणाला उगमबिंदू म्हणायचं. तो ज्या तारकासमूहात, त्याचं नाव वर्षावाला. डिसेंबरातला मोठा वर्षाव मिथुनेचा, त्याचा उगम पुनर्वसूच्या एका ताऱ्याजवळ.

आता यातली खोच अशी, की उगमबिंदूकडे टक लावून बसलं तर हाती फार काही लागत नाही. तिथल्या उल्का आखूड, टिंबासारख्या. लांबलचक, देखण्या उल्का दिसतात त्या तिथून दूर. म्हणजे उल्का कुठून आली ते ठरवायला ती जिथे दिसली तिथून मागे रेघ ओढावी लागते. बऱ्याच रेघा मागे नेल्यावर एका जागी भेटल्या तर त्या एका घरच्या. ज्या कुठेच भेटत नाहीत त्या सुट्या. कुमुदिनीताई त्यांना ‘भटक्या’ म्हणतात आणि त्यांची वेगळी वही ठेवतात. वर्षाव बघायला सगळे येतात, भटक्यांना विचारणारं कोणी नसतं, म्हणून.

त्यांची कामाची पद्धत नव्या मंडळींना माहीत असावी. याच करोल बागेतून त्या परकराच्या नाडीचं बंडल घ्यायच्या आणि हातहातभर तुकडे कापून सगळ्यांना वाटायच्या. अलवरच्या अलीकडे एका परिचितांचं शेत आहे, तिथे चादरी अंथरून उताणं पडायचं. उल्का दिसली की नाडी दोन्ही हातांनी ताणून तिच्या वाटेवर धरायची, कोणत्या ताऱ्यापासून कोणत्या ताऱ्यापर्यंत गेली ते बघायचं आणि लाल कागद लावलेल्या बॅटरीच्या उजेडात नकाशावर रेघ मारायची. पहिल्याच खेपेला सहसचिव दर्जाचे एक गृहस्थ मफलर बांधून, उताणे पडून आकाशाकडे नाडी ताणून धरताना मी पाहिले, आणि केंद्र सरकारवरचा माझा विश्वास वाढला.

आणि ओरडायचं नाही. कितीही मोठी, हिरवी, निळी उल्का गेली तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. एकानं ‘ती बघा’ म्हटलं की न बघितलेले चौघे तीच रेघ आपापल्या नकाशावर मारतात, आणि प्रत्येकाला खरंच वाटतं की आपण ती पाहिली. तसंच, शेतात मारलेली रेघ नंतर खोडायची नाही. चुकली असं वाटलं तर तिच्या शेजारी ‘शंका’ असं लिहायचं. मग पुढच्या रविवारी दुपारी ताईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचे, लाल पेन्सिलीनं सगळ्या रेघा मागे ओढायच्या, आणि काय भेटतं ते बघायचं. सोबत मटारच्या करंज्या असायच्या. मी खरं सांगतो, निम्मे खगोलप्रेमी करंज्यांसाठी यायचे. ताई तक्ता बनवून परदेशातल्या एका संस्थेकडे पाठवायच्या, जिथे जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी जमा होतात.

आता मुद्द्यावर येतो. २०१८ सालचा डिसेंबर. मिथुनेचा वर्षाव त्या वर्षी गुरुवारी रात्री भरात येणार होता. शुक्रवारी सगळ्यांना ऑफिस. म्हणून आम्ही गेलो आधीच्या शनिवारी. आकाशानं सरकारी सुट्ट्या बघून वागावं अशी आमची साधी अपेक्षा. आम्ही सहा जण होतो, त्यात एक नवी मुलगी होती, मैत्रेयी. मूळची नाशिकची, इथे पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करत होती आणि मुनिरक्यात एका खोलीत तिघी मिळून राहत होती. तिची ती दुसरीच खेप. मार्गशीर्षातली प्रतिपदा, चंद्र नाही, वारा पडलेला, धूर तिथवर पोहोचलेला नव्हता. असं आकाश आपल्या नशिबी वर्षातून एखाद्या वेळी येतं.

माझी त्या काळात गटात ख्याती होती. तीक्ष्ण नजर म्हणून आदल्याच वर्षी मंडळानं मला प्रशस्तिपत्र दिलं होतं. ते मी चौकट करून बैठकीच्या खोलीत लावलंय, अलकनंदाला, म्हणजे माझ्या पत्नीला, ते तिथे मुळीच आवडत नाही. त्या रात्री मी बेचाळीस उल्का टिपल्या. नियमाप्रमाणे नकाशा रविवारपर्यंत उघडायचा नव्हता. मला धीर निघाला नाही. पुढच्या शनिवारी दुपारी घरीच पट्टी घेऊन बसलो. बेचाळीसपैकी एकोणीस रेघा मिथुनेला मिळाल्या. बाकीच्या कुठल्या कुठे गेल्या.

यात बिघडलं काहीच नव्हतं. वर्षाव भरात यायला पाच दिवस होते, त्या रात्री मिथुनेकडून कमी उल्का येणं हेच बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात एकच: प्रशस्तिपत्रवाल्या टिपणिसांच्या फक्त एकोणीस? मग मी स्वतःला समजावू लागलो. थंडीनं बोटं आखडली होती. नाडी तिरकी धरली गेली असेल. ही रेघ जराशी वळवली तर मिथुनेलाच जाते, म्हणजे ती तिकडचीच असणार. मी खिशातून खोडरबर काढला आणि ती वळवली. मग दुसरी. मी काही खोटं करत नव्हतो हो, सुधारत होतो. मंत्रालयात तीस वर्षं मसुदे सुधारून हात असा बसलेला असतो. चहा गार होईपर्यंत मी अकरा रेघा वळवल्या. एकोणीसच्या तीस झाल्या.

रविवारी टेबलाभोवती सगळे बसलो. मैत्रेयीनं आपल्या रेघा मागे ओढल्या आणि बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “काकू, या माझ्या पाच रेघा मिथुनेत जात नाहीयेत. पण सुट्याही नाहीत, पाचही इथे मिळतायत.” तिनं बोट ठेवलं ते आश्लेषा नक्षत्राजवळ, वासुकी तारकासमूहाच्या डोक्यापाशी. मिथुनेपासून चांगलं लांब. कुमुदिनीताई चष्मा सारखा करून वाकल्या आणि म्हणाल्या, “अजून कोणाच्या तिकडे जाताहेत का, बघा बरं.”

बघा बरं, असं त्यांनी विचारलं होतं. तेव्हा मी माझा नकाशा तिच्या नकाशावर ठेवला आणि सांगितलं की माझ्या बेचाळीसपैकी तीस मिथुनेच्या आहेत, आश्लेषेची एकही नाही. मी आणखीही काही बोललो, ते पुढे सांगतो. बाकीच्यांच्या दहा-बारा-पंधरा रेघा होत्या, त्यात कोणाची एखादी तिकडे जात असेल तर माझ्या तिसांपुढे ती काढायची कोणाची हिंमत झाली नाही. विषय संपला. करंज्या आल्या. मैत्रेयीनं एकही घेतली नाही, नकाशा तिथेच ठेवून निघून गेली आणि गटात परत आली नाही. नव्या मुलांचं असंच असतं, टिकत नाहीत, असं मी त्यानंतर दोन-तीनदा तरी म्हटल्याचं मला आठवतं.

सात वर्षं गेली. वळवलेल्या रेघा मी विसरलो होतो असं आपल्याला सांगावं, असा मोह होतो. विसरलो नव्हतो. पण रोज आठवत होत्या असंही नाही. गुडघा जसा जिना चढतानाच दुखतो, तसं डिसेंबर आला की आठवायचं.

तीन आठवड्यांपूर्वी वह्या समजून घ्यायला मी सरोजिनी नगरला गेलो. सामान बांधणारे दोघे आलेले होते. ताईंनी एक पेटी माझ्यापुढे सरकवली आणि त्यांना म्हणाल्या, “भैया, वो कार्टन अभी बंद मत करना।” प्रत्येक वर्षाचे नकाशे पाकिटात. २०१८ची दोन पाकिटं निघाली. एकावर शेरा होता, ‘पाठवले’. दुसऱ्यावर माझं नाव आणि खाली त्यांच्या गोल अक्षरात, ‘पाठवू नये’.

मी विचारलं, “कुमुदिनीताई, हे काय?”

“तुमचा नकाशा.”

“पाठवला नाहीत?”

“कसा पाठवणार?” त्या वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या, हात थांबला नाही. “तीस रेघा, आणि तीसही एका बिंदूत. इतकं बरोबर कोणाचंच येत नाही, टिपणीस. माझं सव्वीस वर्षांत आलेलं नाही.”

सभ्य स्त्री-पुरुषहो, माणूस पकडला जातो तेव्हा त्याला वाटतं की आपली लबाडी कुठेतरी उणी पडली म्हणून आपण सापडलो. मी सापडलो ते फार नेमका निघालो म्हणून. खऱ्या हाताच्या रेघा उगमबिंदूच्या आसपास घोटाळतात. दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. माझ्या एकोणीस खऱ्या रेघा तशा घोटाळत होत्या, त्याही मी त्या दिवशी जाता जाता नीट करून टाकल्या होत्या. हे मला सात वर्षांत सुचलं नव्हतं. त्यांना सात सेकंदांत दिसलं होतं.

मी म्हटलं, “मग तेव्हाच बोलला का नाहीत?” माझ्या आवाजात थोडा रागही होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

त्या खाली बसल्या. खुर्च्या बांधून झाल्या होत्या, म्हणून पेटीवरच बसल्या. “गाडी तुमची होती,” त्या म्हणाल्या. “तुम्ही रुसून बसला असतात तर सहा माणसं अलवरपर्यंत कशी नेली असती मी? बसने? मला वाटलं, नकाशा बाजूला काढून ठेवला की झालं. नोंद शुद्ध राहिली, गटही राहिला. त्या पोरीचं काय झालं, तो विचार मी केला नाही. तुमच्याइतकीच माझीही चूक आहे, आणि निरोपाच्या दिवशी बोलाल तेव्हा हेसुद्धा बोला.” मी बोलणार हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

मग मला एक आठवलं. शेतात आम्ही नकाशाखाली पुठ्ठा घेतो आणि गारठलेल्या हाताने पेन्सिल दाबून चालवतो. खोडरबरानं शिसं जातं, कागदावरचा चर जात नाही. मी तो नकाशा खिडकीपाशी नेला आणि दुपारच्या उन्हात तिरका धरला. अकराच्या अकरा जुन्या रेघा दिसल्या. पट्टी सामानात गेली होती, म्हणून ताईंनी पार्सलची दोरी कापून दिली आणि त्या दोरीनं मी एकेक रेघ मागे नेली. पाच कुठेच गेल्या नाहीत, भटक्या होत्या. सहा रेघा आश्लेषेला गेल्या. मैत्रेयीच्या पाच जिथे भेटल्या होत्या, तिथेच, दोन बोटांच्या अंतरात.

ताईंनी नकाशा माझ्याकडून घेऊन स्वतः उन्हात धरला. सामानवाल्यांनी दोनदा काहीतरी विचारलं. मग म्हणाल्या, “म्हणजे पोरगी बरोबर होती.”

गैरसमज नको. तिनं नवा शोध लावला होता असं मी म्हणत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला वासुकीच्या डोक्यापासून एक लहानसा वर्षाव येतो, जाणकारांना तो माहीत आहे, चंद्रप्रभाताई मान हलवताहेत. आमच्या टेबलावर मात्र तो कोणालाच माहीत नव्हता. वीस वर्षांच्या मुलीनं दुसऱ्याच खेपेला, कोणी न सांगता, पाच रेघांवरून तो ओळखला होता. त्याला दुजोरा देणाऱ्या सहा रेघा जगात एकाच माणसाकडे होत्या. त्यानं त्या आदल्या दिवशी घरी बसून खोडल्या होत्या.

मी तिचा नंबर मिळवला. ती आता नोएडात एका कंपनीत नोकरी करते, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याचं काम आहे. फोनवर मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, “अच्छा.” मग, “काका, मला इतकी वर्षं वाटत होतं की माझ्याच डोळ्यांत काहीतरी गडबड आहे. त्या दिवसानंतर मी कधी नकाशा काढला नाही. ऑफिसमध्येपण मला चूक दिसली ना, तर मी तीनतीनदा चेक करते, मग बोलते. सगळे म्हणतात, यार, तू इतका वेळ का लावतेस.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “हो, ठीक आहे.” ठीक आहे कसं म्हणतात, ते आपल्याला माहीत आहे. मी तिला आज इथे बोलावलं. ती म्हणाली, “मी नाही येणार. काकूंना नमस्कार सांगा. आणि तुम्ही सांगणार असाल ना, तर पूर्ण सांगा.”

पूर्ण सांगा, याचा अर्थ तिला आणि मला दोघांनाच कळत होता. तेवढं एक मी मघाशी गाळलं होतं. खरं म्हणजे कुमुदिनीताईंनाही ते माहीत नाही, कारण त्या क्षणी त्या करंज्या आणायला आत गेल्या होत्या. मी माझ्या तीस रेघा दाखवल्या तेव्हा मैत्रेयी म्हणाली, “पण काका, मला नीट दिसल्या होत्या.” त्यावर मी हसलो. म्हणालो, “बाळ, अंधारात सगळ्यांनाच नीट दिसतं.” आणि शर्टाच्या खिशातून खोडरबर काढून तिच्यापुढे सरकवला. “खोडून टाक, कोणी काही म्हणणार नाही.” आदल्या दिवशी वापरलेला, तोच. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिनं तो उचलला नाही.

मला याची लाज वाटते. शब्द फिरवून सांगण्यात अर्थ नाही, लाज वाटते. आपल्या गटात सगळ्यात जुना, सगळ्यात जाणता म्हणून ज्याच्याकडे लहानांनी बघायचं, त्यानं एका लहान मुलीला तिचं खरं खोडायला सांगितलं, तेही स्वतःचं खोटं झाकलं जावं म्हणून. रेघा वळवल्या ती हौस होती, पोकळ मोठेपणाची हौस म्हणा. खोडरबर सरकवला, त्याला हौस म्हणता येत नाही.

अध्यक्षमहाराज घड्याळाकडे बघताहेत, बरोबर आहे त्यांचं. दोन गोष्टी सांगून थांबतो. पहिली, आज सकाळी कुमुदिनीताईंनी आणि मी मिळून २०१८ची दुरुस्त नोंद त्या संस्थेला पाठवली आहे. त्यात मैत्रेयीच्या पाच रेघा तिच्या नावानं, तिला विचारून, गेल्या आहेत. माझा नकाशा त्यात नाही. खोडलेल्या नकाशाला पुरावा म्हणायचं नसतं, हा ताईंचा निर्णय, मला मान्य आहे. मात्र आपल्या वहीत त्या वर्षाच्या पानावर त्यांनी लिहून ठेवलंय, ‘टिपणीस यांनी अकरा रेघा नंतर वळवल्या. मूळच्या सहा आश्लेषेकडच्या. मी हे जाणून गप्प राहिले.’ खाली त्यांची सही आहे. माझी राहिली होती, ती मी भाषणाला उभं राहण्याआधी केली.

दुसरी गोष्ट सहाव्या क्रमांकाबद्दल. वह्या माझ्याकडे देऊ नयेत अशी माझी सभेला विनंती आहे. कोणाकडे द्याव्यात हे मी सुचवणं बरं दिसणार नाही. फक्त एवढं म्हणेन, की ज्याला आपलं दिसलेलं तीनतीनदा तपासायची सवय आहे आणि तरीही जो खोडत नाही, असा माणूस मिळेपर्यंत थांबावं. मिळायला वेळ लागला तरी चालेल, त्याला बोलवायला आणि विचारायला मी पुन्हा पुन्हा जाईन. गाडी अजून माझ्याकडे आहे. अलवरला सगळ्यांना मी नेईन, आणि मी नेतो म्हणून कोणी माझ्या नकाशाला भ्यायचं कारण नाही.

कुमुदिनीताई, आपण आम्हाला सव्वीस वर्षं आकाश बघायला शिकवलंत. दिसलं तेवढंच लिहा, इतकं साधं आपलं सांगणं होतं, ते मला सगळ्यात अवघड गेलं. मिरजेचं आकाश दिल्लीपेक्षा काळं असणार, आम्हाला त्याचा हेवा वाटेल. आपल्याला आणि आपल्या बहिणीला उत्तम आरोग्य लाभो. आपण जाताना मला हे बोलायला लावलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. अण्णासाहेब, चंद्रप्रभाताई, मंडळाचे पदाधिकारी आणि इतका वेळ ऐकून घेणारे आपण सर्व, मनापासून आभार.

बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव राहिलं असेल, दहा मिनिटांची पंचवीस झाली असतील, कुठे शब्द खाली-वर गेला असेल, तर ते सारं आपण मोठ्या मनानं पोटात घाला. ती एक चूक मात्र घालू नका. ती वहीत आहे, तिथेच राहू द्या, आणि गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी ते पान उघडून दाखवा. नमस्कार.